गाणाऱ्या काउबॉयचा पहिला चित्रपट: कोणता निवडायचा, कोणती प्रत घ्यायची, कसा पाहायचा

तीन वर्षांपूर्वी जुन्या वेस्टर्न चित्रपटांच्या ओढीने मी गाणाऱ्या काउबॉयपर्यंत पोहोचले. पहिली प्रत हाती लागली ती ५३ मिनिटांची. नायक घोड्यावर बसलेला, गिटार पुढे घेतो, पहिली तार छेडतो, आणि पुढच्याच क्षणी खलनायकाच्या दारात उतरताना दिसतो. दोन-तीनदा असं झाल्यावर मला वाटलं, हा घाईघाईत जोडलेला सिनेमा आहे. मी नाद सोडून दिला.

सहा महिन्यांनी त्याच चित्रपटाची पूर्ण प्रत पाहिली तेव्हा कळलं की मधली गाणी कोणीतरी कापून टाकली होती. संगीत नाटकाला जावं आणि नेमकी पदंच गाळलेली असावीत, तसं माझं झालं होतं. तुमचे ते सहा महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. या चित्रपटांत गाणं हाच ऐवज असतो, कथा त्याला टेकू देते. एवढं धरून चाललात तर बाकी सगळं सोपं आहे.

१. आधी ओळख करून घ्या

साधारण १९३४ ते १९५४ या वीस वर्षांत अमेरिकेत हे चित्रपट निघाले. तिथल्या थिएटरांत तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती. त्यातला कमी खर्चाचा, तासाभराचा, तो हा. मोठ्या शहरांपेक्षा खेड्यांत आणि छोट्या गावांत त्याला जास्त मागणी असे, शनिवारी दुपारी पुढच्या रांगा मुलांनी भरलेल्या असत. एकेक नट वर्षाला सहा-आठ चित्रपट करत असे.

काउबॉय म्हणजे मुळात मजुरीवर गुरं हाकणारा माणूस. रात्री कळप बुजू नये म्हणून पहाऱ्यावरचे गुराखी गात असत आणि त्या गाण्यांचे संग्रह १९०८ पासून छापले जात होते. बोलपट आला तेव्हा केन मेनार्डसारख्या नटांनी पडद्यावर गाऊन पाहिलं. पण या गाण्याचा धंदा उभा केला तो जीन ऑट्रीने.

ऑट्रीचा जन्म १९०७ मधला, टेक्सासचा. ओक्लाहोमात तो रेल्वेत तारमास्तर होता. पुढे शिकागोच्या रेडिओवर गाऊ लागला, तबकड्या खपल्या, आणि १९३४ मध्ये मेनार्डच्याच एका चित्रपटात थोडा वेळ दिसला. पुढच्या वर्षी हर्बर्ट येट्सने काही छोट्या कंपन्या एकत्र करून ‘रिपब्लिक पिक्चर्स’ काढली आणि ऑट्री तिचा मुख्य नट झाला. हा क्रम लक्षात ठेवा: तो आधी गायक होता, नंतर नट. त्यामुळे पडद्यावरच्या नायकाचं नावही बहुतेक वेळा ‘जीन ऑट्री’च असतं. नवख्या माणसाचा इथे पहिला गोंधळ होतो, आपण काही आत्मचरित्र पाहतोय की काय असं वाटतं. तसं नाही. रेडिओवरचा ओळखीचा आवाज लोकांना त्याच नावाने पडद्यावर भेटावा, एवढाच त्यामागचा हिशेब.

२. जवळ काय असू द्यावं

– चांगला हेडफोन किंवा स्पीकर. लॅपटॉपच्या बारीक आवाजात स्टील गिटार आणि अकॉर्डियन हरवून जातात.
– चित्रपटाचं नाव, वर्ष आणि मूळ लांबी लिहिलेली एक चिठ्ठी. का, ते चौथ्या पायरीत सांगते.
– गाण्यांचे शब्द. आपोआप तयार होणारी सबटायटल्स संवादांना चालतात, गाण्यांत मात्र साफ चुकतात. प्रसिद्ध गाण्यांचे शब्द आधी शोधून ठेवा.
– डिस्क मागवणार असाल तर सगळे रीजन चालवणारा प्लेयर. डीव्हीडीसाठी जगाचे भाग पाडलेत, त्यांना रीजन म्हणतात. भारत रीजन ५ मध्ये येतो आणि अमेरिकेतल्या डीव्हीडी रीजन १ च्या असतात. साध्या प्लेयरमध्ये त्या चालत नाहीत. माझ्या पहिल्या तीन डिस्क म्हणूनच कपाटात पडून राहिल्या.

३. पहिला चित्रपट: ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’, १९३८

लोक सहसा सनावळीने सुरुवात करतात, म्हणजे ऑट्रीच्या १९३५ च्या ‘द फँटम एम्पायर’ या बारा भागांच्या मालिकेपासून. तसं करू नका. तिच्यात जमिनीखालचं राज्य आहे, राणी आहे, यंत्रमानव आहेत, आणि नायकाला रोज ठरल्या वेळी वर येऊन रेडिओवर गायचं आहे, नाहीतर त्याचं रँच, म्हणजे गुरं पाळायची मोठी जागा, हातची जाईल. मला ती फार आवडते, पण पहिल्याच दिवशी पाहिलीत तर हे सगळे चित्रपट असेच असतात असा समज होईल.

‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ ६५ मिनिटांचा आहे. दिग्दर्शक जोसेफ केन. तो निघाला कसा, ती कथाही जाणून घेण्यासारखी आहे. चित्रपट मुळात ऑट्रीसाठी योजला होता. पण पैसे आणि कराराच्या अटींवरून ऑट्रीचं कंपनीशी बिनसलं आणि १९३८ च्या सुरुवातीला तो कामावर आलाच नाही. कंपनीने ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ या गायकवृंदातून आलेल्या लेनर्ड स्लाय नावाच्या तरुणाला पुढे केलं आणि त्याचं नाव ठेवलं रॉय रॉजर्स. ऑट्रीचा नेहमीचा विनोदी जोडीदार स्मायली बर्नेट त्याच्या सोबतीला दिला. एका चित्रपटात रॉजर्स उभा राहिला. पुढे ऑट्री युद्धात गेला, हिमालयावरून चीनकडे रसद नेणाऱ्या विमानांच्या मोहिमेत त्याने वैमानिक म्हणून काम केलं, आणि त्या काळात लोकप्रियतेत रॉजर्स पहिल्या क्रमांकावर आला. १९४३ ते १९५४ पर्यंत वेस्टर्न नटांत तो तिथेच राहिला.

आता कथा. पाणी एका कंपनीच्या ताब्यात आहे, रँचवाल्यांची गुरं तहानेने मरतायत. रॉय निवडणुकीला उभा राहतो, प्रचार गाण्यातून करतो, निवडून येऊन वॉशिंग्टनला जातो. पाण्यासाठी निवडणूक लढवणारा नायक समजायला मराठी प्रेक्षकाला वेगळी प्रस्तावना लागत नाही. तरी मागचा संदर्भ थोडा असू द्या. १९३० च्या दशकात ओक्लाहोमा, कॅन्सस, कोलोरॅडो आणि टेक्सासच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पुरेसा पाऊस पडला नाही. त्याआधी गव्हासाठी तिथली गवताळ माळरानं नांगरून काढली होती. मुळांनी माती धरून ठेवणारं गवत गेलं आणि मोकळी झालेली माती वाऱ्याने उचलली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाला तिथे आजही ‘काळा रविवार’ म्हणतात. चित्रपट आला तेव्हा ही धूळ अजून खाली बसलेली नव्हती.

ज्या प्रसंगासाठी मी हा चित्रपट पहिला सुचवते, तो वॉशिंग्टनमधला. तिथल्या बड्या पाहुण्यांना रॉय दुष्काळाची चित्रफीत दाखवतो आणि तिच्याबरोबर स्वतः गातो. भाषण नाही, आकडे नाहीत. भेगाळलेली जमीन, गुरं, धूळ, आणि त्यावर एक संथ आवाज. गाण्याचं नाव ‘डस्ट’, म्हणजे धूळच. जॉनी मार्विनच्या नावावर असलेल्या या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. तासाभराच्या स्वस्त चित्रपटातल्या गाण्यासाठी ही मोठी गोष्ट होती. २००९ मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, गेला, तेही मला रास्त वाटतं. हा प्रसंग पाहताना फोन बाजूला ठेवा. गाणारा काउबॉय गाणं कशासाठी वापरू शकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

४. प्रत तपासल्याशिवाय प्ले दाबू नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

१९५० च्या दशकात हे चित्रपट टीव्हीला विकले गेले. तासाच्या कार्यक्रमात जाहिराती धरून बसावेत म्हणून ते ५३-५४ मिनिटांवर आणले. कापायला सोपं काय? मारामारी कापली तर कथा तुटते, म्हणून कात्री बऱ्याचदा गाण्यांवर चालली. त्याच कापलेल्या प्रती पुढे व्हिडिओ कॅसेटवर, डीव्हीडीवर आणि इंटरनेटवर पसरल्या. म्हणून मूळ लांबी आधी बघा. ‘साउथ ऑफ द बॉर्डर’ मूळ ७१ मिनिटांचा आहे. तुमच्या प्रतीवर ५३ दिसत असेल तर तो पाहू नका, दुसरी प्रत शोधा. ऑट्रीने आपल्या चित्रपटांचे हक्क आणि प्रती सांभाळल्या होत्या आणि पुढे ते पूर्ण लांबीत दुरुस्त करून काढले गेले. त्याच्या बाबतीत तरी चांगली प्रत मिळते.

मात्र उलटा गैरसमजही नको. काही चित्रपट मुळातच पाऊण-एक तासाचे आहेत. नुसते ५३ हे आकडे पाहून प्रत कापलेली ठरवू नका, मूळ लांबीशी ताडून बघा.

‘मोफत’ असं लिहिलंय म्हणून हक्क संपलेले असतातच असंही नाही. अमेरिकेत १९६४ च्या आधीच्या चित्रपटांचा हक्क २८ वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावा लागे. ज्यांनी केलं नाही त्यांचे चित्रपट सार्वजनिक झाले, ज्यांनी केलं त्यांचे अजून हक्कात आहेत. घरी पाहायला फारसा फरक पडत नसेल, पण सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा कॉलेजात दाखवणार असाल तर प्रत्येक चित्रपटाचं वेगळं तपासा.

आणखी दोन छोट्या गोष्टी. ऑट्री आणि रॉजर्स दोघांच्याही १९५० च्या दशकात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टीव्ही मालिका होत्या. त्यांचे भाग चित्रपट म्हणून टाकलेले आढळतात, २५ मिनिटांच्या आसपास लांबी दिसली की समजा. आणि टीव्हीवर चित्र पूर्ण रुंदीला ताणलं जाऊ देऊ नका. हे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतलेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहायलाच हव्यात. ताणलेल्या चित्रात घोडे बुटके आणि जाडे होतात, आणि या चित्रपटांत घोडा हा नटाइतकाच महत्त्वाचा. रॉजर्सचा सोनेरी ट्रिगर आणि ऑट्रीचा चँपियन यांची नावं पोस्टरवर छापली जात.

५. पाहताना कशाकडे लक्ष द्यायचं

पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला घोड्याशेजारून मोटार जाताना दिसेल. टेलिफोन वाजेल, रेडिओ लागेल. चूक शोधू नका. यातले बरेचसे चित्रपट १८८० चे नाहीत, ते स्वतःच्याच काळात घडतात. १९३७ च्या ‘पब्लिक काउबॉय नंबर वन’ मध्ये गुरं चोरणारी टोळी ट्रक, विमान आणि रेडिओ वापरते, आणि घोड्यावरचा नायक त्यांच्या मागे असतो. खलनायकही पाहून घ्या. तो बऱ्याचदा सुटाबुटातला असतो: पाण्याची कंपनी, जमिनीचा दलाल, भ्रष्ट पुढारी. मंदीच्या काळात गावाकडच्या प्रेक्षकांना ज्यांचा राग होता, तीच ही माणसं.

मग आवाज. इथे आपल्याला थोडी सवय बदलावी लागते. आपण पार्श्वगायनावर वाढलो, चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा यात आपल्याला काहीच गैर वाटत नाही. इथे मात्र गळा त्याचाच असायला हवा, कारण लोक आधी त्या गळ्यासाठीच येत होते. फरक अनुभवायचा असेल तर १९३३ चा ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ पाहा. त्यात तरुण जॉन वेन ‘सिंगिंग सँडी’ नावाच्या नायकाचं काम करतो आणि त्याचं गाणं दुसऱ्याच्या आवाजात आहे. वेनचा बोलण्याचा आवाज आणि तो गाण्याचा आवाज जुळतच नाहीत. ऑट्रीचं नंतर एक गाणं ऐका. बोलता बोलता तो गाण्यात शिरतो आणि मध्ये सांधा जाणवत नाही. आपल्याकडे ‘अयोध्येचा राजा’मध्ये १९३२ साली गोविंदराव टेंबे स्वतः गात होते, त्या पिढीचा हा समकालीन आहे असं समजून ऐकलंत तर कान लवकर बसतो.

गायकी साधी आहे, तानांची अपेक्षा ठेवू नका. ऑट्री जवळजवळ बोलल्यासारखा गातो. ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ मात्र तीन-चार आवाज एकमेकांत असे मिसळतात की वेगळे करता येत नाहीत. त्यांचा बॉब नोलन हा या सगळ्यांतला खरा कवी, ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’ आणि ‘कूल वॉटर’ ही त्याचीच गाणी. दुसऱ्या गाण्यात वाळवंटातला तहानलेला माणूस आपल्या खेचराशी बोलतो. तेवढं एक गाणं आधी वेगळं ऐकून ठेवा. मध्येच गळा पातळ, उंच स्वरात उडी मारून परत खाली येतो त्याला योडेलिंग म्हणतात. पहिल्यांदा विचित्र वाटेल, तिसऱ्या चित्रपटापर्यंत तुम्ही त्याची वाट पाहू लागाल.

६. त्यानंतरचा क्रम

दुसरा, ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’, १९३५. ऑट्रीचा रिपब्लिकमधला पहिला. बापाने घराबाहेर काढलेला मुलगा काही वर्षांनी औषधं विकणाऱ्या फिरत्या खेळाबरोबर गातगात परत येतो, तर बापाचा खून झालेला असतो.

तिसरा, वर सांगितलेला ‘पब्लिक काउबॉय नंबर वन’. चौथा, ‘साउथ ऑफ द बॉर्डर’, १९३९. याचा शेवट सांगत नाही, पण तासाभराच्या मुलांच्या चित्रपटाकडून मी तो अपेक्षिला नव्हता. शीर्षकगीत त्या शेवटाकडेच नेतं, शब्द समजून घेऊन पाहा.

मग ‘द फँटम एम्पायर’. बारा भाग एका बैठकीत संपवू नका, ते आठवड्याला एक असे दाखवायला केलेले होते. आठवड्याला शक्य नसेल तर निदान दिवसाला एक.

रॉजर्सकडे परत या ते १९४६ च्या ‘माय पाल ट्रिगर’साठी. यात डेल इव्हान्स आहे, जिच्याशी पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं. आणि सगळ्यात शेवटी १९५२ चा ‘हाय नून’. तो गाणाऱ्या काउबॉयचा चित्रपट नाही, म्हणूनच तो शेवटी. यातलं गाणं टेक्स रिटरने म्हटलंय, जो स्वतः १९३६ पासून गाणारा काउबॉय होता. इथे तो पडद्यावर दिसत नाही. नायक गप्प चालतो आणि गाणं त्याच्याभोवती फिरतं. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं. दोन वर्षांनी रेक्स ॲलनच्या ‘द फँटम स्टॅलियन’बरोबर गाणाऱ्या काउबॉयचे चित्रपट थांबले.

७. घरातल्या मुलांना दाखवण्याआधी

आधी एकदा स्वतः पाहा. हे चित्रपट सौम्य आहेत, रक्त जवळजवळ नसतं, नायक पहिली गोळी झाडत नाही. पण मूळ अमेरिकी, मेक्सिकन आणि काळ्या माणसांची चित्रणं अनेक ठिकाणी अपमानास्पद आहेत. ऑट्रीचा १९३७ चा ‘राउंडअप टाइम इन टेक्सास’ बराचसा दक्षिण आफ्रिकेत घडतो आणि तिथल्या लोकांचं त्यातलं चित्रण मला सहन झालं नाही. तो मी कोणालाही सुचवत नाही.

त्याऐवजी हर्ब जेफ्रीज शोधा. काळ्या प्रेक्षकांसाठी, काळ्या कलाकारांना घेऊन १९३७ ते १९३९ दरम्यान त्याचे गाणाऱ्या काउबॉयचे चित्रपट निघाले. थिएटरांतसुद्धा वर्णभेद पाळला जात होता तेव्हाची ही गोष्ट. ‘द ब्राँझ बकारू’, १९३९, इथून सुरुवात करा. पैसा कमी आहे ते जागोजागी दिसतं, पण जेफ्रीजचा गळा या सगळ्या नायकांत मला सर्वांत घरंदाज वाटतो. खऱ्या काउबॉयांत काळे आणि मेक्सिकन गुराखी मोठ्या संख्येने होते, हेही मुलांना सांगा.

८. कॅलिफोर्नियात असाल तर

लॉस एंजेलिसमध्ये ऑट्रीने १९८८ मध्ये उघडलेलं संग्रहालय आहे, तिथे एक दिवस द्या. मार्टिन कंपनीने १९३३ मध्ये त्याच्यासाठी बनवलेली पहिली डी-४५ गिटार त्याच संग्रहातली. पट्टीवर शिंपल्याच्या अक्षरांत त्याचं नाव जडवलंय.

पण जायलाच हवं ते लोन पाइनला. लॉस एंजेलिसहून उत्तरेला मोटारीने साडेतीन-चार तास. गावाबाहेर अलाबामा हिल्स नावाचे गोल, तांबूस खडक आहेत आणि त्यांच्यामागे माउंट व्हिटनीची रांग. शेकडो वेस्टर्न चित्रपट इथे घेतले गेले, ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ही. खडकांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याचं नावच मूव्ही रोड आहे. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, पाणी भरपूर घ्या, आणि आधी गावातलं चित्रपट संग्रहालय पाहा. तिथे कोणत्या चित्रपटातली कोणती जागा कुठे आहे ते सांगणारे नकाशे मिळतात.

निघण्याआधी चित्रपटातल्या दोन-तीन चौकटी फोनमध्ये उतरवून ठेवा, मागची डोंगररांग स्पष्ट दिसेल अशा. तिथे गेल्यावर खडक ओळखायचा प्रयत्न करू नका, ते सगळे सारखेच दिसतात. फोन डोळ्यांसमोर धरा, मागच्या शिखरांची रेघ जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मला चाळीस मिनिटं लागली. शिखरं जुळली आणि पुढचा खडक आपोआप जागेवर आला, १९३८ मध्ये होता तसाच.